लीड्सहून मोरकमला एका दिवसात जाऊन यायचंय, सोबत सासू-सासरे आहेत. रेल्वे बरी की बस?

लीड्सची_अनुजा

नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडमध्ये लीड्सला राहतो, कार नाही. सासू-सासरे दोन महिन्यांसाठी आलेत. यॉर्क झालं, हॅरोगेट झालं, आता सासूबाईंनी समुद्राचा धोशा लावलाय. ऑफिसात विचारलं तर निम्मे म्हणाले ब्लॅकपूलला जा, निम्मे म्हणाले स्कारबरोला. पश्चिम किनाऱ्यावरच्या मोरकम गावाचं नाव काढल्यावर एक बाई फक्त हसली आणि म्हणाली, "तिथे आता काय राहिलंय? माझे आजी-आजोबा जायचे."

पण मला नेमकं तेच हवंय. गर्दी नको, दिव्यांचा लखलखाट नको. आमच्या मागच्या गल्लीतल्या आजी सांगतात की ब्रॅडफर्डच्या गिरण्यांना सुट्टी लागली की अख्खी गल्ली रेल्वेने मोरकमला जायची, म्हणून त्याला 'समुद्रकाठचं ब्रॅडफर्ड' म्हणत.

आता प्रश्न. थेट गाडी आहे असं दिसतं, पण नकाशात ती लँकेस्टरला जाऊन पुन्हा उलटी वर येते. हे खरं की ॲपची गडबड? लँकेस्टरला उतरून बस घेतली तर लवकर पोचू का? सासूबाईंचा उजवा गुडघा दुखतो, जिने नकोत. सासऱ्यांना मोरकमजवळच्या हेशमचे खडकात कोरलेले थडग्यांचे खड्डे बघायचेत, त्यांनी कुठेतरी फोटो पाहिलाय. तिकडे गाडी जाते का? आणि सूर्यास्त बघून त्याच दिवशी परत येता येईल का? जुलैतला एखादा दिवस धरतोय. दोघंही शाकाहारी.

खाडीकाठची

अनुजा, मी बेअरला राहते, म्हणजे मोरकमच्या अलीकडचं स्टेशन, बेअर लेन. अकरा वर्षं झाली. लँकेस्टरच्या एका वृद्धाश्रमात कामाला आहे, आठवड्यातून पाच दिवस हीच गाडी किंवा हीच बस. त्यामुळे जरा लांबण लागेल, चहा घेऊन बस.

पहिली गोष्ट: गाडीचं वेळापत्रक नंतर बघ, आधी तिथी बघ. हसू नकोस. या खाडीत भरती-ओहोटीतला फरक उधाणाच्या दिवसांत दहा मीटरच्या घरात जातो, आणि ओहोटीला समुद्र इतका आत जातो की तू घाटावर (समुद्रकाठच्या फिरायच्या रस्त्यावर) उभी राहून विचारशील, समुद्र कुठाय? समोर मैलोन्मैल ओली वाळू आणि चिखल. ज्यांनी "मोरकममध्ये काही नाही" असं सांगितलं ना, त्यातले निम्मे ओहोटीला येऊन गेलेले असतात, अशी माझी खात्री आहे.

माझ्या स्वयंपाकघरात मराठी दिनदर्शिका टांगलेली आहे आणि तिचा इथे जेवढा उपयोग होतो तेवढा कुठे झाला नसेल. पौर्णिमा किंवा अमावास्या, आणि त्यानंतर द्वितीयेपर्यंतचे दिवस: भरती दुपारी बारा ते दोनच्या मधे, तीही मोठी. लीड्सची सकाळची गाडी धरून आलात तर बरोब्बर पाणी भिंतीला लागलेलं असतं. अष्टमी-नवमीला आलात तर भर दुपारी ओहोटी, आणि भरती संध्याकाळी, तुमच्या परतीच्या वेळेला. तेव्हा जुलैतली द्वितीया शोध, मग भरतीचा अधिकृत तक्ता बघून खात्री कर, आणि मग तिकीट.

दुसरी: ॲप बरोबर आहे. गाडी लीड्स, स्किप्टन, बेंथम, कार्नफर्थ करत येते आणि लँकेस्टरला शिरते. तिथे ड्रायव्हर आपली पिशवी उचलतो, फलाटावरून चालत दुसऱ्या टोकाला जातो, आणि गाडी उलट्या दिशेने निघते. उतरायचं नाही! मी दर उन्हाळ्यात एक तरी कुटुंब घाबरून सामानासकट फलाटावर उडी मारताना बघते. एकदा एक बाप आणि दोन पोरं खाली, आई आणि बाबागाडी आत. दारं मिटायच्या आत चढले म्हणून बरं.

बसा उजव्या हाताला, गाडीच्या जायच्या दिशेने. बेंथमच्या अलीकडे उजवीकडे इंगलबरोचा डोंगर दिसतो, सपाट डोक्याचा, ओळखू येतो. पुढे कार्नफर्थ सोडलं की हेस्ट बँकपाशी त्याच बाजूला समुद्र दिसतो. अगदी थोडा वेळ. तिथून मोरकम दोन-तीन मैलांवर आहे, आणि गाडी तुम्हाला दक्षिणेला लँकेस्टरला घेऊन जाते! चरफडायचं नाही.

एकूण सव्वादोन तासांच्या आसपास धरा. थेट गाड्या दिवसाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, रविवारी त्याहून कमी. गाडीत खायला-प्यायला काही मिळत नाही. टॉयलेट असतं, पण त्यावर विसंबून स्किप्टनला जायचं टाळू नये, एवढंच सांगते.

आता बस. लँकेस्टरला उतरून बस घेण्यात वेळ वाचत नाही, उलट जातो. रेल्वेने लँकेस्टर-मोरकम दहा मिनिटं. बसला अर्धा तास धरून चाल, कारण गावातून जाणाऱ्या गाड्या-मोटारींना लून नदीवरच्या त्याच दोन पुलांच्या तोंडाशी यावं लागतं आणि संध्याकाळी तिथे मुंगीच्या पावलाने सरकतात. शिवाय लँकेस्टरचं रेल्वे स्टेशन वर किल्ल्याजवळ, बस स्थानक खाली गावात. जाताना उतार म्हणून कळत नाही, येताना दहा मिनिटांची चढण. सासूबाईंच्या गुडघ्याला तेवढं पुरे होईल.

पण बस टाकाऊ नाही हं. मोरकमला पोचल्यावर जे फिरायचं ते बसनेच. हेशमचे खड्डे बघायला बसच घ्या. आणि उच्चार 'हीशम' असा करा, हेशम नाही. पहिल्या वर्षी मी ड्रायव्हरला तीनदा 'हेशम' म्हटलं, तो बिचारा तीनदा "सॉरी लव्ह?" म्हणाला, शेवटी मागच्या आजींनी दुभाष्याचं काम केलं.

इथे एक सापळा आहे. रेल्वेला 'हीशम पोर्ट' नावाचं स्टेशन आहे, तिकडे दिवसाला एकच गाडी जाते, ती आइल ऑफ मॅनच्या बोटीसाठी. ते स्टेशन बंदरात. तुम्हाला हवंय जुनं गाव, सेंट पीटर्सचं चर्च आणि त्याच्या वरच्या कड्यावर सेंट पॅट्रिकच्या चॅपलचे अवशेष. ते चालत वेगळ्या दिशेला. बंदरावर उतरून "थडगी कुठेत" विचारलंत तर माणसं बोटीकडे बोट दाखवतील.

थडग्यांचे खड्डे सहा एका ओळीत आहेत, शेजारी आणखी दोन, माणसाच्या आकाराचे, पाऊस पडला की त्यांत पाणी साचतं. तिकीट नाही, फाटक नाही. मात्र शेवटचा टप्पा चढाचा आणि दगडी पायऱ्यांचा आहे. सासूबाईंना खाली गावात चहावर बसवा, सासऱ्यांना वर पाठवा.

बेलरिग_७

मी लँकेस्टर विद्यापीठात आहे, ताईंनी सांगितलंय ते सगळं खरं. माझ्याकडून फक्त एक धडा, ५० पौंडांचा.

पहिल्या वर्षी बेअर लेनहून लँकेस्टरला येताना मशीनवर तिकीट न काढता चढलो. म्हटलं आत देतील. दहा मिनिटांच्या प्रवासात कोण विचारतं! विचारलं. इंग्लंडमध्ये दंड १०० पौंड अधिक तिकिटाचे पैसे, २१ दिवसांत भरला तर निम्मा. मी विसाव्या दिवशी भरला. तेव्हा मशीन दिसलं की आधी तिकीट. रोख पैसेच द्यायचे असतील तर मशीनमधून तशी चिठ्ठी निघते, ती आत दाखवून पैसे भरता येतात. ही चिठ्ठी असते हे मला दंड भरल्यावर कळलं.

आणखी एक. विद्यार्थ्यांचं १६ ते २५ चं रेलकार्ड (तिकिटावर सवलत देणारं कार्ड) सोमवार ते शुक्रवार सकाळी दहाच्या आत लहान प्रवासाला चालत नाही, किमान १२ पौंडांच्या भाड्याची अट आहे (जुलै-ऑगस्टमध्ये नसते). तुमच्या सासू-सासऱ्यांना त्याची गरज नाही. साठीच्या पुढचे असतील तर ज्येष्ठांचं कार्ड पासपोर्ट दाखवून कुणालाही काढता येतं, वर्षाला ३५ पौंड, तिकिटावर एक तृतीयांश सूट. दोन महिने फिरणार असतील तर वसूल होईल.

बस सोपी आहे. कार्ड टेकवा, बसा. एका फेरीला कमाल ३ पौंड, पूर्वी २ होते.

खाडीकाठची

बेलरिग, विसाव्या दिवशी! शाब्बास.

बसच्या फुकट पासाबद्दल कुणीतरी विचारेलच म्हणून सांगते: तो इथल्या रहिवासी ज्येष्ठांना, पाहुण्यांना नाही. सोमवार ते शुक्रवार तो साडेनऊनंतर चालतो. माझ्या थांब्यावर नऊ पंचवीसला सहा-सात आजी-आजोबा उभे असतात, आणि आधीची बस आली की त्यातली एक आत डोकं घालून विचारते, "टू अर्ली?" ड्रायव्हर लोकांनी त्यांचं नावच 'ट्विर्ली' पाडलंय. मलाही तो पास मिळायला अजून बरीच वर्षं आहेत, पण मी आत्तापासूनच त्या घोळक्यात उभी राहते. गावात कोण आजारी, कुठलं दुकान बंद झालं, सगळं तिथे कळतं.

रूळवेडा

थोडं अवांतर, पण अनुजाच्या सासऱ्यांना आवडेल.

गाडी लँकेस्टरला जाऊन उलटी का फिरते याचं उत्तर १९६६ मध्ये आहे. त्याआधी लीड्स-ब्रॅडफर्डकडून येणाऱ्या गाड्या वेनिंग्टनहून लून नदीच्या खोऱ्यातून थेट खाली यायच्या, लँकेस्टरच्या ग्रीन एअर स्टेशनात, आणि तिथून नदी ओलांडून सरळ मोरकमला. मिडलँड रेल्वे या कंपनीचा हा मार्ग. तिने १९०७ मध्ये मोरकमला समुद्राला लागून प्रॉमेनेड स्टेशन बांधलं. गिरणीची माणसं डब्यातून उतरली की समोर पाणी. जानेवारी १९६६ मध्ये हा रस्ता प्रवाशांसाठी बंद झाला आणि गाड्या कार्नफर्थमार्गे वळवल्या. म्हणजे आज जो उलटा वळसा पडतो, तो बंद झालेल्या मार्गाचा वारसा.

आणि खरी गंमत पुढे आहे. हाच लँकेस्टर-मोरकम-हीशम मार्ग मिडलँडने १९०८ मध्ये विजेवर आणला. वरच्या तारेतून एसी वीज, ६६०० व्होल्ट, २५ हर्ट्झ. ब्रिटनमधला असा पहिलाच मार्ग. पुढे १९५०च्या दशकात याच छोट्या फाट्यावर ५० हर्ट्झच्या विजेचे प्रयोग झाले, आणि नंतर ब्रिटिश रेल्वेने ५० हर्ट्झचीच पद्धत मुख्य मार्गांसाठी स्वीकारली. आज लँकेस्टरच्या मुख्य फलाटावरून ग्लासगोकडे जाणाऱ्या गाड्या त्या पद्धतीच्या विजेवर धावतात. आणि जिथे तिची चाचणी झाली त्या मोरकमला? डिझेल. धूर सोडत, घरघरत. मी दर वेळी फलाट एक-दोनवर उभा राहून हे आठवतो आणि एकटाच हसतो.

जुन्या मार्गाचं काय झालं ते बसमधून दिसतं. लूनवरच्या दोन पुलांपैकी ग्रेहाउंड पूल हा मुळात रेल्वेचा. रूळ काढून त्यावर रस्ता केला. बस एका दिशेला जाताना त्यावरूनच जाते. म्हणजे ताई ज्या पुलापाशी अडकतात तिथे कधीकाळी विजेची गाडी बिनधास्त पार व्हायची! नदीपलीकडून मोरकमपर्यंतच्या रुळांच्या जागी आता सायकलींचा रस्ता आहे, सपाट आणि सरळ, रेल्वेचा असल्यामुळे चढ नाहीच. ग्रीन एअर स्टेशनच्या जागी बाग आहे, तिथे एक जुनी रेल्वेची क्रेन ठेवली आहे.

प्रॉमेनेड स्टेशनाची इमारत मात्र उभी आहे. १९९४ मध्ये नवं स्टेशन समुद्रापासून थोडं मागे हटवून बांधलं आणि जुन्यात नाटक-गाण्यांचं सभागृह आणि पब झाला. नाव 'द प्लॅटफॉर्म'. त्याच्या समोरच पांढरं, बोटीसारखं वळलेलं मिडलँड हॉटेल. ते १९३३ चं, रेल्वे कंपनीनेच बांधलेलं, ऑलिव्हर हिल हा वास्तुकार. आतल्या गोल जिन्यावर मान वर करून छत बघा, एरिक गिलचं काम आहे. हॉटेल बरीच वर्षं ओसाड पडलं होतं, २००८ मध्ये पुन्हा उघडलं.

एक चूक बरेच जण करतात: रिबलहेडचा तो प्रसिद्ध कमानींचा पूल या मार्गावर दिसत नाही. तो कार्लाइलच्या मार्गावर. हेलिफील्डच्या पुढे दोन्ही मार्ग फुटतात.

लीड्सची_अनुजा

बापरे, सगळ्यांचे आभार. सासऱ्यांना रूळवेडांचं उत्तर वाचून दाखवलं, त्यांनी दोनदा ऐकलं आणि "ग्रेहाउंड म्हणजे कुत्र्याचा पूल?" असं विचारलं.

ताई, उरलेलं: मोरकमला स्टेशनवरून समुद्र किती लांब? शाकाहारी खाणं? सूर्यास्त? आणि गाडी रद्द झाली तर? नवऱ्याला ही शेवटचीच काळजी जास्त आहे.

खाडीकाठची

नवरा शहाणा आहे तुझा.

स्टेशनवरून समुद्र पाच मिनिटं, अगदी सपाट. सुपरमार्केटची पार्किंगची जागा ओलांडली की संपलं. मोरकमला जिना चढायला नको. लँकेस्टरला गाडी बदलावी लागलीच तर लिफ्ट आहे. मदतनीस हवा असेल तर 'पॅसेंजर असिस्ट' ला किमान दोन तास आधी कळवायचं, ते रॅम्प, खुर्ची सगळं बघतात, पैसे नाहीत. लाजू नका, माझ्या वृद्धाश्रमातली माणसं दर आठवड्याला वापरतात.

घाट साधारण पाच मैलांचा आहे, सगळा चालायचा अट्टहास नको. दगडी धक्क्याच्या टोकापर्यंत जा, बाकं आहेत, पक्ष्यांची शिल्पं आहेत, आणि हवा स्वच्छ असेल तर पलीकडे लेक डिस्ट्रिक्टचे डोंगर ओळीने उभे. एरिक मोरकमचा पुतळा तिथून चालत जाण्यासारखा. हा विनोदी नट जन्माने याच गावचा, १९२६ चा, त्याने गावाचंच नाव घेतलं. एक पाय वर उचलून नाचतोय, गळ्यात दुर्बीण. सासऱ्यांना तो माहीत नसणार, पण फोटो सगळेच काढतात. दोन्ही पिअर (समुद्रात आत जाणारे करमणुकीचे धक्के) आता नाहीत. एक १९७७ च्या वादळात गेला, दुसरा १९९२ मध्ये पाडला. ईडन प्रकल्पाचं (कॉर्नवॉलला मोठ्या घुमटांखाली झाडं लावलीत ना, त्यांचं) मोठं केंद्र मिडलँड हॉटेलच्या शेजारी व्हायचंय, सरकारने २०२३ मध्ये ५ कोटी पौंड जाहीर केले. तेव्हापासून आमच्या बस थांब्यावर याच्याशिवाय विषय नाही. घरांचे भाव वाढणार की बसला उभं राहायलाही जागा उरणार नाही, यावर दोन तट आहेत.

वाळूत उतरू नका. घाटाच्या कडेला थोडं ठीक, पण आत चालत जायचं नाही. रुतणारी वाळू आहे आणि भरती मागून येऊन वेढते. २००४ च्या फेब्रुवारीत शिंपले वेचणारे किमान २१ चिनी मजूर याच खाडीत बुडाले. बचावासाठी इथे हॉवरक्राफ्ट ठेवलंय ते उगाच नाही.

खाणं. चिप्स घेताना विचारा, कशात तळता? उत्तर इंग्लंडात बऱ्याच ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात, त्याला 'बीफ ड्रिपिंग' म्हणतात. पाटीवर चिप्स एवढंच असतं. "व्हेजिटेबल ऑइल?" असं सरळ विचारायचं, कुणी वाईट वाटून घेत नाही. त्यापेक्षा डबाच न्या. पण धक्क्यावर उघडू नका, सीगल पोळी हातातून नेतात. माझी नेलीय, घडी न मोडता.

सूर्यास्ताचा मोह सोडा. जुलैत तो साडेनऊच्या पुढेमागे होतो आणि लीड्सची शेवटची थेट गाडी त्याच्या खूप आधी निघून जाते. तोच हवा असेल तर एक रात्र राहा. सप्टेंबरअखेर या, तेव्हा सूर्य सातच्या आसपास बुडतो, पण तेव्हाही गाडीशी शर्यत होईल.

आता रद्द होण्याचं. होतात. मागच्या डिसेंबरात रात्रपाळी संपवून सकाळी लँकेस्टरच्या फलाटावर आले, फलकावर माझी गाडी दिसत होती, मग 'उशिरा', मग 'रद्द'. कारण: कर्मचारी उपलब्ध नाही. पुढची तासाभराने. बाहेर गारा. उतरणीवरून बस स्थानकात गेले तर बस माझ्या डोळ्यांदेखत निघाली. त्या दिवशी मी घरी पोचेपर्यंत माझ्याबरोबर सुटलेली बाई ग्लासगोला पोचली असेल! तेव्हापासून फलाटावर उभी न राहता आधी ॲप बघते, आणि रद्द दिसलं की लगेच खाली चालू लागते.

तुमच्यासाठी पर्याय असा: मोरकमहून लँकेस्टरला या, रेल्वेने किंवा बसने. तिथून प्रेस्टन, आणि प्रेस्टनहून लीड्सची थेट गाडी, बर्नली-हेब्डन ब्रिजमार्गे. ती दर तासाला असते. फक्त तिकिटावर मार्ग काय लिहिलाय ते बघा. थेट गाडी रद्द झाली असेल तर लँकेस्टरच्या कर्मचाऱ्यांना विचारून मगच प्रेस्टनच्या गाडीत बसा. म्हणून परतीला शेवटची थेट गाडी धरू नका, तिच्या आधीची धरा. शेवटची हाताशी ठेवायची.

लीड्सची_अनुजा

जाऊन आलो! शनिवारी, बरोब्बर द्वितीयेला. ताई, पाणी खरंच भिंतीला लागलेलं होतं. बारा वीसला पोचलो, एकच्या सुमारास लाटेचे शिंतोडे बाकापर्यंत. सासूबाई धक्क्याच्या टोकाला दीड तास बसल्या, काही बोलल्या नाहीत, फक्त मधेच एकदा पर्स घट्ट धरली, सीगल जवळ आला म्हणून.

हीशमला बसने गेलो. मी 'हीशम' म्हटलं, ड्रायव्हरने लगेच ओळखलं. सासरे वर जाऊन आले, खड्ड्यांत पाणी होतं, त्यांनी हात बुडवून बघितला. खाली चहा आणि नेटल बिअर. नेटल म्हणजे अंगाला लागला की आग करणारा पाला, त्याचं पेय आहे म्हणे. सासऱ्यांनी एक घोट घेतला आणि बाटली नवऱ्याकडे दिली.

मग सासऱ्यांचा हट्ट: परत जाताना लँकेस्टरपर्यंत बसच. लूनपाशी अडकलोच. ते खिडकीला नाक लावून दोन्ही पूल बघत होते आणि शेजारच्या आजोबांना रेल्वेचा इतिहास सांगत होते, मराठी-इंग्रजी मिसळून. आजोबांनी मान हलवत हलवत सांगितलं की त्या विजेच्या गाडीने ते शाळेत जायचे. तोवर बस वीस फूटही सरकली नव्हती आणि दोघांनाही त्याची काही घाई नव्हती. चढण चढताना मात्र सासूबाईंनी मला दोन शब्द ऐकवले. थांबत थांबत चढलो, गाडी मिळाली. तीही पंचवीस मिनिटं उशिरा लीड्सला.

आणि जातानाचं राहिलंच. हेस्ट बँकला समुद्र दिसल्याबरोबर सासूबाई उठल्या, डब्याची पिशवी खांद्याला लावली, चपला नीट केल्या. आम्ही म्हटलं अजून वेळ आहे, बसा. बसल्या. समुद्र गेला, शेतं आली, लँकेस्टर आलं, गाडी उलटी फिरली. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगं, दाखवून परत नेला की!"

खाडीकाठची

हा हा! उद्या थांब्यावर सांगते हे, ट्विर्ली मंडळींना.

आणि पंचवीस मिनिटं उशीर म्हणालीस ना? तिकिटं फेकली नाहीस ना? पंधरा मिनिटांच्या वर उशीर झाला की भाड्याचा काही भाग परत मिळतो, 'डिले रिपे' म्हणतात. २८ दिवसांत अर्ज करायचा. चौघांची तिकिटं आहेत, आजच बस आणि भर.

रूळवेडा

त्या आजोबांना काही फोटो-बिटो आहेत का विचारलं का कुणी?

लीड्सची_अनुजा

सासऱ्यांनी विचारलं. बहिणीकडे आहेत म्हणाले, बहीण बेअरला राहते. ताई, तुमच्याच थांब्यावरची असेल, जरा बघा.